रग्बीची गोलकिक शिकायचीय? आधी बांबू उभे करा

गोलकिक म्हणजे जमिनीवर ठेवलेला चेंडू एच आकाराच्या खांबांमधून, आडव्या दांडीवरून मारणं. नाशिकमध्ये असे खांब शोधत बसू नका. रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून बांबू उभे करा, ५.६ मीटर अंतरावर ठेवा आणि आडव्या दांडीऐवजी ३ मीटर उंचीवर सुतळी ताणा. आम्ही असंच करतो. गोल्फ क्लब मैदानावर जायचं तर भल्या पहाटे जा, नंतर चालणाऱ्यांची वर्दळ सुरू होते.

पोरांना ट्राय मारायचा (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून ५ गुण घ्यायचे) असतो, किकचा कंटाळा येतो. त्यांना मी १९९७ ची डर्बनची कसोटी सांगते. दक्षिण आफ्रिकेने तीन ट्राय केले, पण एकही किक खांबांमधून गेली नाही, गुण १५. लायन्सचा (ब्रिटन आणि आयर्लंडचा एकत्रित संघ) एकही ट्राय नव्हता. वेल्सच्या नील जेन्किन्सने पाच पेनल्टी (समोरच्या संघाच्या चुकीबद्दल मिळणारी किक, ३ गुण) मारल्या, त्याचे १५. वर एक ड्रॉप गोल (हातातला चेंडू टप्पा पाडून मारलेली किक, ३ गुण), आणि सामना १८-१५ असा जिंकला. आंतरराष्ट्रीय रग्बीत १००० गुण सर्वांत आधी करणारा हा जेन्किन्सच.

आता किक. टी (चेंडू उभा ठेवायची छोटी बैठक) नसेल तर ओंजळभर वाळूचा ढीग करा, त्यात अंगठ्याने खळगा पाडा. नियमाला वाळू चालते. चेंडूची शिवण खांबांच्या मधोमध रोखून ठेवा. उजव्या पायाने मारणाऱ्याने चेंडूमागे सरळ चार पावलं जावं, मग दोन डावीकडे. पावलं कितीही घ्या, पण रोज तेवढीच. डावा पाय चेंडूच्या बाजूला, वीतभर अंतरावर पडला पाहिजे. पायाच्या वरच्या हाडाळ भागाने मारा, बोटांनी नको. आणि मान! चेंडू कुठे गेला हे बघायला ती लगेच वर येते, तिथेच किक फसते. चेंडू सुटल्यावरही नजर वाळूवरच ठेवा. पेनल्टीला ६० सेकंद मिळतात, घाई कशाला?

आपला पल्ला मात्र ओळखा. २०११ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ली हाफपेनीची जवळजवळ मध्यरेषेवरून मारलेली किक आडव्या दांडीखाली थोडक्यात पडली आणि वेल्स ८-९ ने हरलं. जेन्किन्सच्याच हाताखाली घडलेला हा खेळाडू २०१३ च्या लायन्स मालिकेत सर्वोत्तम ठरला. म्हणून रोज सुतळीपासून मागे मागे सरका, दहापैकी आठ जातात तिथे खूण करा. सामन्यात खुणेपलीकडची पेनल्टी मिळाली तर कॅप्टनला स्पष्ट सांगा, "टचला मार," म्हणजे चेंडू बाजूरेषेबाहेर मार.