सिम्युलेटरवर विमान पारखायचं कसं

विमानाचं संगणकी मॉडेल बनवणारी प्रोजेक्टची मुलं होटगी रोडच्या घरी जॉयस्टिक जोडून बसली की पहिली पंधरा मिनिटं मी त्यांना मनसोक्त उडवू देते. मग थांबवते. नुसतं उडवून विमानाचा दोष कळत नाही.

आधी विलंब मोजा. मोबाइलच्या 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये हात आणि पडदा एकत्र टिपायचे, काठी हलल्यापासून चित्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. गेल्या वर्षी आमच्याकडे 43 भरल्या, म्हणजे जवळजवळ 0.18 सेकंद. मुलं दोन दिवस विमानाच्या मॉडेलला नावं ठेवत होती, आणि खोट निघाली टीव्हीत! टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्र लगेच दाखवणारी सेटिंग, लावल्यावर 22 फ्रेमवर आलं. अमेरिकी लष्करी मानकात खरं विमान हाताळायला पहिल्या दर्जाचं ठरण्यासाठी विलंबाची मर्यादाच 0.10 सेकंद आहे, त्यात आपल्या पडद्याची भर नको.

मग अवघड काम द्या. मी विमान धावपट्टीच्या मध्यरेषेपासून 50 मीटर बाजूला, 60 मीटर उंचीवर आणून सोडते. चाकं आखलेल्या दोन चौकटींपैकी एकीत टेकली पाहिजेत. लहान चौकट म्हणजे हवं तसं, मोठी म्हणजे चालेल इतपत. जमिनीजवळ वाऱ्याचा झोत न सांगता सोडायचा. निवांत वैमानिकाच्या हाताखाली वाईट विमानही शहाण्यासारखं वागतं. घाई झाली की तो काठी ओढतो, नाक उशिरा उठतं, तोवर त्याने आणखी ओढलेली असते, मग उलट दाबतो, आणि हेलकावे वाढत जातात. 1989 मध्ये स्वीडनच्या ग्रिपेन या लढाऊ विमानाचा पहिला नमुना उतरताना अशाच हेलकाव्यांत कोसळला. वैमानिक वाचला.

विमान थांबताच, खुर्चीतून उठायच्या आत विचारा: काय करावं लागलं? आधी शब्द, मग कूपर-हार्परचा आकडा. विमान हाताळायला किती सोपं-अवघड ते सांगणारी 1969 ची ही मोजपट्टी 1 ते 10 जाते, 1 सर्वोत्तम. एकाने 3 दिला, दुसऱ्याने 7, तर सरासरी 5 काढू नका. सातवाल्याजवळ बसा, त्याचा हात कुठे अडला ते बघा.

आपल्या तेजस लढाऊ विमानाच्या नियंत्रण प्रणालीचे नियम, म्हणजे काठी हलली की विमानाने काय करायचं ते, सिम्युलेटरवर तर घासलेच, शिवाय 1996 मध्ये अमेरिकेत दुसऱ्या विमानासारखं वागू शकणाऱ्या खास एफ-16 विमानावरही उडवून पाहिले. पहिलं उड्डाण त्यानंतर, 4 जानेवारी 2001 ला.

दुरुस्ती केल्यावर त्याच मुलाला पुन्हा बसवू नका. त्याचा हात दोषाला सरावलेला असतो, तो नकळत सांभाळून घेतो. शेवटच्या फेरीला मी दुसऱ्या वर्षाची, हे विमान कधीच न उडवलेली मुलगी बोलावते.