बांधकामावरच्या बायकांना मराठी शिकवायचं असेल तर

पुण्याजवळ वाकड, मोशीकडे मोठ्या इमारती उभ्या राहतात, त्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची वसाहत असतेच. कलबुर्गी-यादगीरकडच्या, बिहार-छत्तीसगडच्या बायका तिथे राहतात. अशा एका वसाहतीत आमच्या भागातली एक छोटी संस्था रात्री मराठीचा वर्ग चालवते, तिथे मी शिकवते. पैसे मिळत नाहीत. ‘मलाही यायचंय, काय करू?’ असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून लिहिते आहे.

संस्थेत गेल्यावर आधी विचारा, वर्गाची वेळ कोणी ठरवली? बायकांनी ठरवली असेल तर वर्ग टिकेल. काम सहाला सुटतं, मग पाणी भरायचं, भाकरी थापायची, पोरांना जेवू घालायचं. साडेआठच्या आत कोणी हलत नाही. स्लॅब टाकायचा असतो त्या दिवशी वर्ग नाहीच. आठवड्याची खर्ची हातात पडते त्या बाजाराच्या दिवशीही नाही. दुसरा प्रश्न, तेवढा वेळ तान्ही पोरं कोण सांभाळतं? यावर नीट उत्तर मिळालं नाही तर समजा, शिकवताना एक पोर तुमच्याच मांडीवर असणार.

आधारची प्रत आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला तर नाक मुरडू नका. जिथे काहीच मागत नाहीत, त्या संस्थेबद्दल मला जास्त शंका येते. आसपास मुलं असतात, आणि लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. बालसुरक्षेचे नियम लेखी असतील तर वाचून मगच सही करा.

आता शिकवण्याचं. ‘अ अननसाचा’ने सुरुवात करू नका. या बायकांना पहिल्यांदा हवं असतं ते मुकादमाच्या वहीतलं. आपल्या नावापुढे किती हजेरी लागली, ओव्हरटाइमची दीड मांडली की एकच, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. म्हणून मी आकड्यांपासून सुरू करते. हिशेब त्यांना तोंडी पक्का येतो, अडतं ते कागदावर. कुणी मुकादम मराठी आकडे लिहितो, कुणी इंग्रजी, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी मांडा. मराठी १ आणि इंग्रजी नऊ यांची गल्लत हमखास होते. पाटीवर महिन्याचे रकाने आखा आणि प्रत्येकीला आपली हजेरी रोज तिथे लिहू द्या. दुसऱ्याच आठवड्यात एखादी मुकादमाशी वाद घालून आली तर दचकू नका, पण त्या भांडणात तुम्ही पडू नका. ते संस्थेच्या माणसावर सोडा.

मग अक्षरं. ती तिच्या नावातली, गावातली, पीएमपीच्या बसच्या पाटीवरची. कोण कुठवर आलंय ते बघायला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चार पायऱ्या पुरतात. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशभरातल्या पाहणीत मुलांचं वाचन याच पायऱ्यांवर तपासतात. जोडाक्षरांची घाई नको. र मात्र लवकर घ्या, कारण तो कधी डोक्यावर बसतो, कधी पायाशी.

बोलताना कोण कुठून आलंय ते लक्षात ठेवा. कानडी बायका ‘ळ’ ठणठणीत म्हणतात, बिहारच्या ‘बाळ’चं ‘बाल’ करतात. उलट, तो दरवाजा, ती खिडकी, ते कुलूप इथे कानडीवाल्या अडतात, कारण त्यांच्याकडे निर्जीव वस्तूंचा असा भेद नाही. हिंदीवाल्यांना तो-ती कळतं, ‘ते’ कळत नाही. ‘चार’ आणि ‘चाळ’ यांतला च लिहायला एकच, म्हणायला वेगळा. तो ऐकवून ऐकवूनच बसतो. प्रत्येक चूक सुधारू नका. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात काम भागलं की पुष्कळ झालं.

थोडं वाचता यायला लागलं की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचा नोंदणी अर्ज समोर ठेवा. नोंदणीला वय १८ ते ६० लागतं आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नाव, जन्मतारीख, कायमचा पत्ता हे रकाने त्यांनाच वाचायला आणि भरायला लावा. यापेक्षा चांगला धडा मला अजून सापडलेला नाही.

खाऊ, जुने कपडे नेऊ नका; वर्गाची रांग होते. फोटो काढू नका. उसने पैसे मागितले तर स्पष्ट नाही म्हणा, त्यांना राग येत नाही. थोड्या दिवसांनी तुम्हाला ‘मॅडम’ऐवजी ‘अक्का’ म्हणतील, आणि मग गावचे शेंगदाणे नाकारायची सोय उरत नाही.

काम संपलं की मुकादम सगळ्यांना दुसऱ्या साइटवर नेतो, बऱ्याचदा आदल्या रात्री सांगून. म्हणून प्रत्येकीच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती कुठल्या पायरीवर आहे ते आणि संस्थेचा फोन नंबर आधीच लिहून ठेवा, आणि तो नंबर तिच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.