हणजूणच्या बाजारातला किडेवाला अंबर कसा तपासाल

गोव्यातल्या हणजूणच्या बुधवारच्या बाजारात किडा अडकलेला, मधाच्या रंगाचा अंबराचा (म्हणजे झाडाच्या कोट्यवधी वर्षं जुन्या, दगडासारख्या घट्ट झालेल्या राळेचा) खडा आवडला, तर भाव विचारण्याआधी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मोबाईलची टॉर्च काढा. आधी किडा बघायचा, खडा नंतर. विंचू किंवा मोठा भुंगा पाय पसरून अगदी मधोमध बसला असेल, तर ते पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे साच्यात ओतलेलं प्लास्टिक. तिथूनच परत फिरा. खऱ्या अंबरात बहुधा काही मिलिमीटरची चिलटं, माश्या, मुंग्या असतात, वाकड्यातिकड्या, पंख दुमडलेल्या. बाल्टिक समुद्राकडच्या अंबरातल्या किड्याच्या एका अंगाला पुष्कळदा पांढरी साय दिसते. ती चांगली खूण.

‘इथंच गोव्यात सापडला’ यावर विश्वास ठेवू नका. इथले बहुतेक खडक पृथ्वीवर झाडं यायच्या कितीतरी आधीचे आहेत. देशातला नावाजलेला अंबर सुरत जिल्ह्यातल्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणींतला, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा.

घरी आणल्यावर २०० मिली पाण्यात ५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. मोजूनच घाला, मीठ जास्त झालं तर ॲक्रिलिकचं प्लास्टिकही तरंगतं. खड्याची धातूची कडी काढा, चिकटलेले बुडबुडे पुसा आणि चमच्यानं तळाशी दाबून सोडा. काच आणि बेकेलाइट, पॉलिएस्टर ही प्लास्टिकं बुडतात. अंबर वर येतो, पण कोपल म्हणजे कोवळी राळ आणि पॉलिस्टायरीन हे हलकं प्लास्टिकसुद्धा येतात. नंतर साध्या पाण्यानं धुवा, नाहीतर मिठाची पुटं धरतात.

तरंगला तर मागच्या कोपऱ्यावर ॲसिटोनचा एक थेंब टाका आणि अर्ध्या मिनिटानं बोट दाबा. चिकट लागलं तर कोपल किंवा पॉलिस्टायरीन. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणार असाल तर बाटलीवर ॲसिटोन लिहिलंय ना ते बघा. बऱ्याच बाटल्यांत ते नसतंच. गुजरातच्या अंबराला मात्र ही कसोटी लावू नका. तो मुळात मऊ. संशोधक द्रावकात तो विरघळवून आतला किडा अख्खा बाहेर काढतात. तापलेली सुई तर कुठल्याच खड्याला लावू नका, डाग कायमचा राहतो.

इतकं होऊनही खडा खरा आणि किडा खोटा असू शकतो: अंबर मधून कापायचा, पोकळी कोरायची, माशी ठेवून चिकटवायचं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधली अशी माशी १९२२ पासून संग्रहात होती. १९९३ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यानं खडा तापला आणि सांध्याची चीर दिसली. म्हणून खडा पाण्यात बुडवून कडेनं उजेड टाका आणि हळूहळू फिरवा. किड्याच्याच पातळीत सरळ रेघ किंवा एका ओळीत बुडबुडे दिसले, तर तो सांधा. ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च असेल तर काम सोपं होतं: बाल्टिक अंबर निळसर चमकतो, गोंदाची रेघ बहुधा वेगळी उठून दिसते.