टॅनरीसाठी पर्यावरण प्रमाणपत्र: खर्च-फायद्याचा हिशेब कसा मांडावा

इंदूर-देवास पट्ट्यातील टॅनरीच्या, म्हणजे कातडे कमावण्याच्या कारखान्याच्या, मालकाने प्रमाणपत्राचा विचार करताना ऑडिटच्या शुल्कापासून सुरुवात करू नये. आपले चामडे शेवटी कोणाकडे जाते, हे आधी पाहावे. इंदूरच्या चामडी खेळण्यांच्या कारागिरांना माल देणाऱ्यासाठी हा खर्च बहुधा अनाठायी ठरेल. निर्यातीच्या बुटांना व पिशव्यांना चामडे पुरवणाऱ्याकडे मात्र अनेक मोठे ब्रँड २००५ साली स्थापन झालेल्या लेदर वर्किंग ग्रुपची श्रेणी मागतात; ही संस्था टॅनरींचे पर्यावरणविषयक ऑडिट करवून ब्राँझ, गोल्ड अशा श्रेणी देते. ब्राँझ चालेल की गोल्डच हवे, हे खरेदीदाराकडून लेखी घ्यावे. आयएसओ १४००१ हे केवळ पर्यावरण व्यवस्थापन पद्धतीचे प्रमाणपत्र आहे, त्यामुळे एकाऐवजी दुसरे चालेल असे गृहीत धरू नये.

त्यानंतर खर्चाचे दोन रकाने करावेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती टिकवण्यासाठी सांडपाण्यावर जो खर्च होतो, तो प्रमाणपत्र नसले तरी करावाच लागतो. तो पहिल्या रकान्यात जातो. बाहेर सोडलेल्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, ही कायद्याची अट आहे. दुसऱ्या रकान्यात प्रमाणपत्रासाठीचाच खर्च: पाण्या-विजेचे विभागवार मीटर, रसायनांची नोंदवही, कच्चे कातडे कोठून आले याची कागदपत्रे, ही कामे सांभाळणारा माणूस आणि ऑडिट. हे रकाने एकत्र केले की प्रमाणपत्र उगाचच महाग दिसते.

बचतीची बाजू कच्चे कातडे टिकवण्यासाठी लावलेले मीठ आणि ते कमावण्यासाठी वापरलेले क्रोम (क्रोमियमचे क्षार) यांत दडलेली असते. नेहमीच्या पद्धतीत क्रोमचा साधारण ६० ते ७० टक्केच भाग कातड्यात मुरतो. उरलेला मॅग्नेशियम ऑक्साइडने खाली बसवून, गंधकाम्लात विरघळवून, ताज्या क्रोमसोबत पुन्हा ड्रममध्ये घालता येतो. मिठाचे गणित याहून कठोर आहे: एकदा पाण्यात विरघळलेले मीठ साध्या प्रक्रियेने निघत नाही, आणि आरओ व बाष्पीभवन यंत्रणा फार महाग पडते. म्हणून कातडे भिजवण्याआधीच त्यावरचे मीठ कोरडे झटकून घ्यावे; याला यंत्रापेक्षा शिस्तच अधिक लागते.

ही बचत प्रमाणपत्राच्या खात्यावर मांडू नये, कारण ती प्रमाणपत्राविनाही मिळते. दुसऱ्या रकान्यातील वार्षिक रकमेला वर्षभरात विकलेल्या चौरस फुटांनी भागावे आणि खरेदीदार देत असलेल्या वाढीव भावाशी किंवा नव्या ऑर्डरच्या नफ्याशी ताडून पाहावे. लेखी हमी नसेल तर अर्ज थांबवावा. मीटर मात्र लगेच बसवावेत, कारण ऑडिटर पाण्याची व विजेची वर्षभराची आकडेवारी मागतो आणि ती मागाहून तयार करता येत नाही.