अमेरिकेत मास्टर्सचा कोर्स ठरवताना सीआयपी कोड बघा

अमेरिकेत मास्टर्सला जाताना बहुतेक जण रँकिंग आणि फी बघतात, पण शिकून झाल्यावर तिथं १ वर्ष काम करता येणार की ३ वर्षं हे कोर्सच्या नावावर नाही, त्याच्या सहा आकडी सीआयपी कोडवर (अमेरिकी सरकारनं प्रत्येक अभ्यासविषयाला दिलेला क्रमांक) ठरतं. इकॉनॉमिक्सचंच घ्या ना, कोड ४५.०६०१ असेल तर ओपीटीचे (शिक्षणानंतर तिथं काम करायची परवानगी) १२ महिनेच, आणि ४५.०६०३ असेल तर तो स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) धरतात म्हणून वर अजून २४ महिने मागता येतात. लाखांचं कर्ज काढणाऱ्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे.

१. कोर्सच्या पानावर कोड शोधा. नसेल तर युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला सरळ मेल टाका, संकोच करू नका.
२. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या स्टेम यादीत तो कोड आहे का ते स्वतः बघा, यादी नेटवर फुकट आहे. एजंट "स्टेमच आहे" म्हणाला तरी बघाच.
३. आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) आला की त्यावरचा कोड ताडून बघा, फरक दिसला तर व्हिसाच्या आधीच विचारा.

फक्त ते २४ महिने आपोआप मिळत नाहीत, वेगळा अर्ज लागतो आणि नोकरी देणारी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याला अमेरिकेत काम करता येतं का ते तपासायची सरकारी यंत्रणा) असावी लागते.