अंगणातल्या मॅटॅडोरमध्ये गिटार आणि बेसचा सराव

आमची जुनी मॅटॅडोर व्हॅन महिन्यातून एखाददुसऱ्या वेळीच बाहेर पडते. कधी जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे, कधी हिडकल धरणावर. बाकीचे दिवस ती खानापुरात अंगणातल्या पत्र्याखाली उभी असते. दादा गिटार वाजवतो, मी बेस, म्हणजे खालच्या सुरांची चार तारांची गिटार. घरात आई लवकर झोपते, म्हणून रोजचा सराव गाडीतच.

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि दोरीनं डॅशबोर्डला बांधा. सहलीत नुसतं वाजवायचं, शिकायचं काही नाही. जिथं अडलं ते रात्री वहीत लिहायचं. मागच्या वेळी मलप्रभेच्या उगमापाशी, कणकुंबीला, ए मायनर कॉर्डवरून एफ कॉर्डवर जाताना आमची लय दर वेळी पळत होती. पुढचे तीन आठवडे आम्ही तेवढंच केलं.

लय पळत असेल तर असं करा. मेट्रोनोम (ठरावीक वेगानं टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून आधी साधं वाजवा. मग तो ३० वर आणा, पण गाणं ६० च्याच चालीत ठेवा आणि ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतोय असं धरा. पहिली मात्रा आता तुमची तुम्हाला सांभाळावी लागते. पहिले दोन दिवस फार त्रास होतो. दादा चिडून म्हणायचा, ‘थांब की गं जरा.’ चौथ्या दिवशी आम्ही दोघं एकत्र उतरलो, तो आनंद मी विसरणार नाही. बेसच्या तारांखाली, ब्रिजजवळ (तारा जिथं अडकवतात ती खालची पट्टी), फोमची पट्टी सरकवा. सूर लांबत नाही, त्यामुळं लवकर पडलेलं बोट लगेच कळतं.

अदलाबदलही करा. गिटारच्या जाड चार तारा म्हणजे बेसच्याच ई, ए, डी, जी, फक्त एक सप्तक वर. बेस घरी राहिला तरी बेसची ओळ गिटारवर घोटता येते.

आवाजासाठी हेडफोनच हवेत. बेसची सगळ्यात खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. लहान स्पीकरला ती झेपत नाही, आणि मोठा लावला तर कपबशांपासून दाराच्या कडीपर्यंत सगळं खडखडतं. हेडफोन ॲम्प, म्हणजे वाद्याचा आवाज हेडफोनमध्ये देणारी छोटी डबी, आधी चार्ज करून घ्या आणि चार्जिंगची वायर काढूनच वाजवा. इंजिन चालू असताना चार्जिंगला लावून वाजवलं की कानात शिट्टीसारखा आवाज घुसतो.

बसायला जागा कमी. बेस जवळजवळ चार फुटांचा, त्याचं टोक दाराला आपटतं. बाकावर तिरकं बसा, आणि बसूनही पट्टा लावा, म्हणजे उभं राहिल्यावर हाताचा कोन बदलत नाही.

मे महिन्यात दुपारी वाद्यं गाडीत ठेवू नका. बंद गाडीच्या उष्णतेनं अकूस्टिक गिटारच्या ब्रिजचा डिंक सुटतो. आमचा एकदा सुटलाय. पावसाळ्यात आमच्या खानापूरची हवा महिनोन्महिने ओली असते. लाकूड ओल धरतं आणि तारा फ्रेटपासून (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून) उचलल्यासारख्या वाटतात. अशा वेळी ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक बदलणारी आतली सळई, लगेच फिरवू नका. वाद्य दोन दिवस घरात कोरड्या खोलीत, बॅगेत सिलिका जेल घालून ठेवा आणि मग बघा. वाजवून झालं की तारा जुन्या सुती कापडानं पुसायच्या. आम्ही आजीच्या लुगड्याचा तुकडा वापरतो, तो वहीच्याच दोरीला बांधलेला आहे.