होइस्टच्या मोटरच्या करंटवरून वजन कसं काढायचं (आणि सरळ त्रैराशिक का मांडायचं नाही)

मागे मी एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये मेंटेनन्सला होतो, तिथे पाच टनी ईओटी (छताखाली रुळांवर चालणारी विजेची) क्रेन होती पण लोड सेल (लटकलेलं वजन दाखवणारा सेन्सर) नव्हता. एका जुन्या प्रेसचा बेड (खालचा जड पाया) उतरवायचा होता आणि त्याचं वजन कुणालाच माहीत नव्हतं. चेन स्लिंगने उचलला आणि मी होइस्टच्या, म्हणजे लोड वर-खाली करणाऱ्या मोटरच्या वायरला टाँग टेस्टर (वायरभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा मीटर) लावून बघितलं तर ६.४ अँपिअर. रिकाम्या हुकला ५ आणि पूर्ण पाच टनाला ८.६ येतात हे आधीच्या टेस्टिंगवरून माहीत होतं, मग काय, त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं १.९४ टन. चेन दुसरीकडे हवी होती म्हणून आम्ही तोच बेड पुढे दोन टनी बेल्टने हलवला. दोन दिवसांनी तो काट्यावर गेला आणि पावती आली २५६० किलोची. बेल्टला सेफ्टी फॅक्टर (लिहिलेल्या क्षमतेपेक्षा जास्तीची ताकद) असतो म्हणून तुटला नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. खाली दोन पोरं उभी होती.

चूक कुठे झाली ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं पाठ करावं लागेल. इंडक्शन मोटर जो करंट घेते त्यात दोन भाग असतात. एक मॅग्नेटायझिंग करंट, तो फक्त मोटरमध्ये चुंबकक्षेत्र तयार करायला लागतो, वजन असो नसो तेवढाच जातो. दुसरा कामाचा करंट, तो वजनाबरोबर वाढतो. आणि हे दोन्ही सरळ बेरजेने मिळत नाहीत, काटकोनात मिळतात, शाळेतला पायथागोरस. त्यामुळे सुरुवातीला वजन वाढलं तरी मीटर जेमतेम हलतो आणि नंतर भराभर चढतो. त्या क्रेनवर पहिल्या एका टनाला करंट फक्त ०.४ अँपिअरने वाढायचा. म्हणजे सरळ त्रैराशिक मांडलं की मधलं वजन नेहमी कमीच दिसणार, आणि उचलण्याच्या कामात कमी दिसणं हीच सगळ्यात वाईट चूक.

मग करायचं काय, तर वर्ग करून वजाबाकी. ६.४ चा वर्ग साधारण ४१, त्यातून रिकाम्या हुकच्या ५ चा वर्ग म्हणजे २५ काढा, उरले १६, वर्गमूळ ४. तसंच पाच टनाचं, ८.६ चा वर्ग ७४, वजा २५, उरले ४९, वर्गमूळ ७. आता ४ भागिले ७ गुणिले ५ टन, उत्तर २.८६ टन. खरं वजन २.५६ होतं, म्हणजे ३०० किलो जास्त दाखवतंय. कारण रिकामा हुक वर घेतानाही गिअरबॉक्सच्या घर्षणाला थोडा कामाचा करंट लागतोच, तो आपण मॅग्नेटायझिंगमध्ये धरून टाकला. पण चूक सुरक्षित बाजूला आहे, मला ती चालते. अजून नेमकं हवं असेल तर मधली एक-दोन माहीत वजनं उचलून त्यांचे करंट घ्या आणि आलेख काढा, मग कुठलं सूत्रच नको.

माहीत वजन कुठून आणायचं हा प्रश्न सगळे विचारतात. सगळ्यात भारी म्हणजे काटा पावती असलेला माल. नाहीतर प्लेट, एक मीटर बाय एक मीटर, १० एमएम जाड एमएस (साध्या स्टीलची) प्लेट म्हणजे ७८.५ किलो, जाडी मोजा आणि गुणत जा. पाणी भरलेलं २०० लिटरचं बॅरल पण चालतं, २०० किलो अधिक रिकाम्या बॅरलचं वजन, पण पाच टनी क्रेनवर एक बॅरल उचलून काही कळणार नाही, मघाशी सांगितलं तसं मीटर हलणारच नाही. स्लिंग, शॅकल, स्प्रेडर बीम सगळं हुकच्या खाली लटकतं म्हणून तेही वजनात धरा.

आता रीडिंग घ्यायची पद्धत. टाँग टेस्टर होइस्ट कॉन्टॅक्टरनंतर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) मोटरकडे जाणाऱ्या एका फेजच्या वायरला लावायचा, अख्ख्या केबलला लावला तर शून्य दिसेल, आणि मेन इनकमरला (पॅनलमध्ये येणाऱ्या मुख्य सप्लायला) लावला तर ब्रेक कॉइल आणि कंट्रोल ट्रान्सफॉर्मर पण त्यात येतात. सप्लाय बंद करून टेस्टर अडकवा, मगच चालू करा, ४१५ व्होल्टच्या उघड्या पॅनलमध्ये हात घालून धाडस दाखवू नका. वायरला ढील असेल तर जबड्यातून तीन वेढे काढा आणि आकड्याला तीनने भागा, छोटा करंट जास्त नीट दिसतो. तिन्ही फेजचं रीडिंग घेऊन सरासरी काढा.

स्टार्टिंगला करंट पाच-सात पट उसळतो तो बघूच नका. मेन स्पीडला सलग वर घ्या, दोन-तीन सेकंद जाऊ द्या, आकडा स्थिरावला की लिहा. मिनिटाला चार मीटर वेगाने पाच सेकंदात लोड ३३ सेंटीमीटरच वर जातो, त्यामुळे जागेची अडचण नसते. फक्त वर जातानाच मोजायचं. खाली सोडताना लोडच मोटरला ओढतो आणि मोटर उलट जनरेटरसारखी वागते, तो करंट वजन सांगत नाही. क्रीप स्पीडला (अगदी हळू वेगाला) पण घेऊ नका. स्लिप रिंग मोटर (बाहेरून रेझिस्टन्स जोडून सुरू होणारी) असेल तर सगळे रेझिस्टन्स कट झाल्यावर शेवटच्या स्टेपला.

व्होल्टेज प्रत्येक वेळी लिहा, हे लोक हमखास विसरतात. रात्री व्होल्टेज चढलं की मॅग्नेटायझिंग करंट पण चढतो आणि रिकाम्या हुकचाच आकडा बदलतो. म्हणून मी तरी मोजायच्या आधी रिकामा हुक एकदा वर-खाली करून त्या दिवसाचा आकडा घेतो, गिअरबॉक्सचं तेल पण त्यात थोडं गरम होतं.

पॅनलवर एमएफएम (व्होल्टेज, करंट, किलोवॅट सगळं दाखवणारा मल्टिफंक्शन मीटर) असेल आणि तो होइस्टच्या फीडरवर असेल तर अँपिअर सोडा, किलोवॅट वाचा. किलोवॅट वजनाबरोबर जवळपास सरळ रेषेत वाढतात, तिथे त्रैराशिक चालतं. समजा रिकाम्याला ०.७ आणि पाच टनाला ५.१, तर टनाला ०.८८ किलोवॅट झाले, आणि २.९ दिसले की वजन अडीच टन. माझ्या मते शक्य असेल तिथे हीच पद्धत वापरा. व्हीएफडीवर (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) होइस्ट असेल तर ड्राइव्हच्या डिस्प्लेवर टॉर्कची टक्केवारी बघा, ड्राइव्हच्या आउटपुटला साधा टाँग टेस्टर लावला तर भलतंच काहीतरी दाखवू शकतो. आणि बांधकामावरचे ते सिंगल फेज मिनी होइस्ट, कपॅसिटरवाले, त्यांच्यावर हा प्रयोग करूच नका, रिकाम्यात आणि भरल्यात करंटचा फरक भरवशाचा नसतो.

क्षमतेच्या पाव भागाखाली मी हा आकडा मानतच नाही. त्याच्या वर १५-२० टक्के चूक धरूनच स्लिंग निवडतो, म्हणजे अडीच टन आलं तर तीन टनी स्लिंग, त्यापेक्षा कमी नाही. उत्तर क्रेनच्या क्षमतेच्या जवळ आलं तर लोड खाली ठेवायचा आणि लोड सेल किंवा काटा शोधायचा, तिथे करंटवर विश्वास टाकायचा नाही.

आकडे पॅनलच्या दाराच्या आतून चिकटवून ठेवा, तारीख आणि व्होल्टेजसकट. मोटर रिवाइंड झाली, गिअरबॉक्स उघडला किंवा ब्रेकचं सेटिंग बदललं की तो कागद फाडा आणि पहिल्यापासून परत रीडिंग घ्या, रिवाइंड केलेल्या मोटरचा रिकामा करंट बहुतेक वेळा आधीसारखा राहत नाही.